दुकानातल्या मालाची माहिती देणारं ॲप पहिल्यांदा करताय? आधी वही घ्या

कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीतल्या एखाद्या किराणा दुकानात संध्याकाळी सहाच्या सुमारास दहा मिनिटं उभं राहून बघा. गिऱ्हाईक बिस्किटाचा पुडा उचलतं, उलटा करतं, डोळ्यांपासून लांब धरतं, परत जवळ आणतं आणि शेवटी काउंटरवरच्या पोराला विचारतं, "ह्यात मैदा हाय काय रं?" पोरगं पुड्याकडं न बघताच म्हणतं, "नाही काकू." त्याला माहीत नसतं. त्याला माहीत नाही हे काकूंनाही माहीत असतं. तरी पुडा पिशवीत जातो.

पुड्यावर सगळं छापलेलं असतं, पण ते वाचणार कोण? खाद्यपदार्थांच्या लेबलचा नियम मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत मागतो, मराठीची अट त्यात नाही. त्यात अक्षर मुंगीएवढं. म्हणून पुडा दाखवला की मराठीत, मोठ्या अक्षरात उत्तर देणारं ॲप करायची कल्पना दर वर्षी कुणाला तरी सुचते. मलाही सुचली होती. राजारामपुरीत बसून मी डिझाइनचं काम करतो. असली दोन ॲप केली, त्यातलं पहिलं फसलं. कॉलेज संपवून नुकतेच या कामात आलेले, किंवा घरचंच दुकान असलेले, यांच्यासाठी हे लिहितोय.

पायरी १ : दोन संध्याकाळी दुकानात

लॅपटॉप घरी ठेवा. मालकांना आधी नीट सांगा, नाहीतर कोपऱ्यात वही घेऊन उभा राहिलेला माणूस त्यांना एकतर जीएसटीवाला वाटतो किंवा समोरच्या दुकानाचा हेर. "मालक, दोन दिवस नुसता उभा राहतो, गिऱ्हाईक काय विचारतंय ते लिहून घेतो," एवढं पुरतं. चहा तुम्ही सांगा, त्यांना सांगायला लावू नका.

वहीत फक्त प्रश्न लिहायचे, आणि ते गिऱ्हाइकाच्याच शब्दांत. "ग्राहकास घटक पदार्थांविषयी शंका" असं लिहिलंत की कामातून गेलात. माझ्या वहीत उतरलेले काही:

"साखर असणाऱ्या माणसाला चालतंय काय हे?"
"कांदा-लसूण न्हाई न्हवं ह्यात?"
"उपासाला चालंल काय?"
"मोठा पुडा घेतला तर स्वस्तात पडंल काय?"
"नवा माल आलाय का जुनाच हाय?"

घरून निघताना माझ्या डोक्यात प्रथिनं, कर्बोदकं, कॅलरी यांचे रंगीत गोल तक्ते होते. दोन दिवसांत एकानंही प्रथिनं किती असं विचारलं नाही. व्यायामशाळेच्या शेजारच्या दुकानात उभा राहिलो असतो तर कदाचित वही वेगळी भरली असती. म्हणून दुकान कुठलं, हेही पहिल्या पानावर लिहून ठेवा.

आणखी एक गोष्ट दिसेल. बायकोनं यादी देऊन पाठवलेले गृहस्थ रॅकसमोर उभे राहून थेट व्हिडिओ कॉल लावतात: "हे का ते?" तुमच्या ॲपची खरी स्पर्धा त्या कॉलशी आहे. तिकडून उत्तर पाच सेकंदांत येतं, वर चार शब्दही ऐकायला मिळतात.

एका मोहापासून सावध राहा. कोल्हापूरचं ॲप म्हटलं की प्रत्येकाला पहिल्यांदा चप्पल आठवते. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे त्यात आहेत, कापशीपासून पुढं प्रकारही बरेच. सांगण्यासारखं खूप आहे, पण चपलेवर बारकोड नसतो, प्रत्येक जोड हातचा, आणि गिऱ्हाइकाचा प्रश्न असतो "पावसात चालंल काय?" ते उत्तर कारागिराकडं असतं, डेटाबेसमध्ये नाही. पहिलं ॲप बंद पुड्यातल्या मालाचं करा.

पायरी २ : एकच प्रश्न

वहीतला एक प्रश्न निवडा आणि पुठ्ठ्यावर एक वाक्य लिहून टेबलासमोर चिकटवा. आमचं होतं: "पुडा हातात असताना, अर्ध्या मिनिटात, यात मैदा-साखर-कांदा-लसूण आहे का ते मराठीत कळलं पाहिजे." मालक ऑफर, घरपोच आणि पॉइंट मागतील. ते वहीच्या मागच्या पानावर लिहा. ते पान भरत जातं, भरू द्या.

पायरी ३ : माहिती आणायची कुठून

नवीन माणूस इथं सगळ्यात जास्त अडखळतो, म्हणून जरा सावकाश जाऊ.

पुड्यावरच्या बारकोडच्या रेघांखाली बहुधा १३ आकडे असतात. भारतात घेतलेले नंबर ८९० ने सुरू होतात. त्याचा अर्थ कंपनीनं नंबर भारतातल्या संस्थेकडून घेतलाय एवढाच. माल भारतातच बनला असं त्यावरून सिद्ध होत नाही. व्हॉट्सॲपवर "८९० बघून स्वदेशी ओळखा" असं फिरतं, ते ॲपमध्ये घालू नका. दुसरा गैरसमज: कंपनीच्या पुड्यावरच्या या रेघांत किंमत नसते, शेवटची तारीखही नसते. असतो तो फक्त मालाचा नंबर. म्हणून "नवा माल आलाय का जुनाच" याचं उत्तर या रेघा देऊच शकत नाहीत. त्यासाठी पुड्यावरची तारीखच बघावी लागते.

तेरावा आकडा तपासणीचा असतो. कॅमेऱ्यानं नंबर चुकीचा वाचला तर तो पकडायला. रीत सोपी आहे. ८९०१२३४५६७८९ हे बारा आकडे घ्या. पहिला, तिसरा, पाचवा असे एकाआड एक: ८+०+२+४+६+८ = २८. उरलेले: ९+१+३+५+७+९ = ३४, त्याची तिप्पट १०२. बेरीज १३०. पुढच्या दहाच्या पटीला पोचायला किती कमी? शून्य. म्हणून तेरावा आकडा ०. हा हिशेब कोड लिहिण्याआधी पाच-सहा पुड्यांवर हातानं करून बघा, पुढं चूक शोधताना कामाला येतो.

२ ने सुरू होणारे नंबर वेगळे. ते दुकानानं स्वतःपुरते दिलेले असतात. सुट्टी तूरडाळ पिशवीत भरून वर चिकटवलेला स्टिकर हा असा. तोच नंबर दुसऱ्या दुकानात साबणाचा असू शकतो, त्यामुळं तो बाहेरच्या डेटाबेसमध्ये शोधायचा नाही.

नंबरावरून घटक कळायला तयार साठा हवा. ओपन फूड फॅक्ट्स हा २०१२ मध्ये फ्रान्समध्ये सुरू झालेला, लोकांनीच भरलेला खुला डेटाबेस आहे. परवान्याच्या अटी पाळून कुणालाही वापरता येतो. पण इचलकरंजीच्या फरसाणाचा किंवा बचत गटाच्या चटणीचा पुडा त्यात सापडेल असं धरून चालू नका. आम्ही शेवटी एका दुकानातले सर्वांत खपणारे दोनशे पुडे निवडले, मागच्या बाजूचे फोटो काढले आणि हातानं माहिती भरली. कंटाळवाणं काम आहे, पण दुसरा मार्ग मला सापडलेला नाही.

भरताना शब्दांचा एक कोश तयार होतो, तो जपा. लेबलवर मैदा बहुतेक वेळा "रिफाइंड व्हीट फ्लोअर" म्हणून येतो. साखर "लिक्विड ग्लुकोज", "इन्व्हर्ट सिरप" अशी वेश पालटून येते. "आयएनएस ३२२" म्हणजे लेसिथिन (तेल-पाणी एकजीव ठेवणारा पदार्थ), ते बऱ्याचदा सोयाबीनचं. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं छापलेले असतात, म्हणून पहिल्या तीनांत साखर असली तर ते ठळक दाखवा. "कंटेन्स" अशी ॲलर्जीची वेगळी ओळ असते, ती जशीच्या तशी उतरवा. शाकाहाराचा हिरवा ठिपका आणि मांसाहाराचा तपकिरी त्रिकोण चित्रानंच दाखवा, त्यासाठी शब्द शोधत बसू नका.

आता माझी चूक सांगतो. पहिल्या ॲपमध्ये एका रकान्याचं नाव होतं "मैदा", आणि त्यात हो किंवा नाही. ज्या पुड्याची माहिती भरलेलीच नव्हती तिथं रकाना रिकामा, आणि रिकाम्या रकान्याचं स्क्रीनवर उतरत होतं "नाही". म्हणजे एवढा खटाटोप करून आम्ही काउंटरवरचं ते पोरगंच फोनमध्ये बसवलं होतं. उत्तरं तीन ठेवा: आहे, नाही, माहीत नाही. तिसरं दोन्हींपेक्षा वेगळ्या रंगात, आणि त्याखाली "पुड्याची मागची बाजू बघा". ॲलर्जीच्या बाबतीत तर हे चुकवून चालणारच नाही.

उपासाचं काय? आम्ही ते उत्तर दिलंच नाही. एका घरी साबुदाणा चालतो, दुसऱ्या घरी कोथिंबीरसुद्धा चालत नाही. ॲपनं घटक दाखवावेत, निकाल आजी देतील.

पायरी ४ : कागदाचा फोन

फोनच्या मापाचे पुठ्ठे कापा. तीन स्क्रीन पुरतात: पुडा दाखवा, उत्तर, आणि "हा माल आमच्याकडं नाही". तिसरी आधी काढा, कारण पहिल्या महिन्यात लोकांना तीच सर्वांत जास्त दिसणार.

देवनागरीसाठी दोन गोष्टी. ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांत शिरतात. "र्‍हस्व", "ट्ट्या", "किंमतीं" असे त्रासदायक शब्द घालून फॉन्ट तपासा. बटणाची किमान जागा अँड्रॉइडवर ४८ डीपी धरतात (व्हॉट्सॲपचा डीपी नव्हे, हे मापाचं एकक आहे), आणि अक्षर व मागचा रंग यांच्या उजळपणातला फरक (कॉन्ट्रास्ट) किमान ४.५ ला १ हवा. दुकानाच्या ट्यूबलाइटखाली फिकट राखाडी अक्षर दिसत नाही, ते डिझायनरच्या खोलीतच छान वाटतं.

शब्द वहीतूनच घ्या. "घटक पदार्थ" नको, "यात काय काय आहे" लिहा. "मूल्य" नको, "दर" किंवा "किंमत". शोधायची सोय देणार असाल तर शेंगदाणा, शेंगदाणे, शेंगा आणि इंग्रजी अक्षरांत टाइप केलेलं शेंगदाणे, सगळं एकाच ठिकाणी पोचलं पाहिजे. हरभरा डाळ आणि चणाडाळही.

मग कागदच लोकांपुढं धरा. माणूस बोट टेकवेल, तुमचा जोडीदार हातानं पुठ्ठा बदलेल. पोरखेळ वाटतो, पण कागदावरची चूक खोडरबरानं निघते.

पायरी ५ : खरी चाचणी

कागदावर सुधारून झालं की साधा चालता नमुना एका स्वस्त फोनवर टाका. लोकांच्या फोनवर घालू नका. परवानग्या, जागा, पासवर्ड यांतच अर्धा तास जातो.

किती माणसं? वेबसाइट, ॲप वापरायला सोपी कशी करायची याचे जाणकार जेकब निल्सन यांचं २००० सालचं गाजलेलं म्हणणं असं की पाच जणांत सुमारे ८५ टक्के अडचणी सापडतात. त्यामागं गृहीत असं की एक अडचण एका माणसाला भेटण्याची शक्यता ३१ टक्के आहे, आणि माणसं एकाच प्रकारची आहेत. काकू आणि कॉलेजचा मुलगा हे एकाच प्रकारचे नव्हेत. पंधरा जणांची एकच जत्रा भरवण्यापेक्षा पाच-पाचच्या तीन फेऱ्या करा, आणि मध्ये सुधारणा करा. मित्र आणि नात्यातली माणसं नकोत. चष्मा लागलेलं एक तरी माणूस हवंच.

वेळ दुपारी तीन ते पाच, दुकान निवांत असताना. नवरात्रात अंबाबाईच्या देवळाजवळच्या महाद्वार रोडच्या आसपास तर नावही काढू नका. दोघं जा: एक बोलणार, एक लिहिणार. आधी परवानगी विचारा, चेहरा न घेता फक्त हात आणि स्क्रीनचं चित्रण करा, नाव-नंबर लिहून घेऊ नका. मोबदला म्हणून आम्ही अर्धा किलो गूळ देत होतो. आपल्याकडं गुळाला सहसा कुणी नाही म्हणत नाही.

काम सांगताना बटणाचं नाव तोंडातून निघता कामा नये. "स्कॅन दाबा" म्हटलंत की परीक्षेत उत्तर सांगितल्यासारखं झालं. प्रसंग सांगा. आमच्या पहिल्या फेरीतल्या एका काकूंचं हे जवळजवळ जसंच्या तसं:

"काकू, समजा घरी पाहुणे येणारेत आणि त्यातल्या एकांना मैदा चालत नाही. हा पुडा घ्यायचा का नाही ते या फोनवरनं बघा. बघताना मनात येईल ते मोठ्यानं बोला. परीक्षा फोनची आहे, तुमची नाही."

काकूंनी फोन घेतला. "स्कॅन करा" असं मोठं बटण होतं, ते लगेच दाबलं. आम्ही दोघं मनात खूश. मग त्या पुडा बाजूला ठेवून वळल्या आणि काउंटरवर चिकटवलेल्या पैसे भरायच्या चौकोनासमोर फोन धरला.

"मी धरलो की बरोबर. वाजंना झालंय."

आम्ही गप्प. माझ्या जोडीदाराचं तोंड उघडलं होतं, मी त्याचा पाय दाबला.

"पैसं गेलं काय रं बाळा? नको बाबा, तूच बघ. पैसं गेलं तर घरात ऐकून घ्यावं लागंल." फोन परत माझ्या हातात.

पाचातल्या तिघांनी तेच केलं. गल्लोगल्ली पानटपरीपासून भाजीवालीपर्यंत "स्कॅन" म्हणजे पैसे देणं, हे आम्हाला ऑफिसात बसून सुचलंच नव्हतं. कागदावरही कळलं नाही, कारण कागदाला कॅमेरा नसतो. दुसऱ्या फेरीत बटणावर लिहिलं "पुड्यावरच्या रेघा दाखवा", शेजारी रेघांचं चित्र, आणि खाली बारीक ओळ "पैसे जात नाहीत". त्या फेरीत चौकोनाकडं कुणी वळलं नाही.

गप्प बसणं या कामात सगळ्यात अवघड. माणूस अडकला की मनात दहापर्यंत मोजा. "आता काय करू?" असं विचारलं तर "मी इथं नसतो तर काय केलं असतं?" एवढंच म्हणा. कोल्हापूरची आणखी एक अडचण म्हणजे माणुसकी. समोरच्यानं मेहनत घेतलीय म्हटल्यावर "लई भारी झालंय की!" हे ठरलेलं. त्या वाक्याला वहीत जागा देऊ नका. ज्यानं "लई भारी" म्हटलं त्याला उत्तर सापडलं होतं का, किती वेळ लागला आणि बोट कुठं थांबलं, ते लिहा.

प्रत्यक्ष दुकानातच कळतील अशा गोष्टी: एका हातात टोपली असते, म्हणून महत्त्वाचं बटण अंगठा पोचेल असं खाली हवं. चुरगाळलेल्या प्लॅस्टिकवरच्या रेघा कॅमेऱ्याला लागत नाहीत, म्हणून नंबर हातानं टाकायची सोय हवी. तळघरातल्या दुकानात नेटवर्क नसतं, तेव्हा ते दोनशे पुडे फोनमध्येच साठवा.

पायरी ६ : काय दुरुस्त करायचं

त्याच संध्याकाळी, आठवण ताजी असताना, प्रत्येक अडचण एका चिठ्ठीवर लिहा: कुठं, किती जणांना, आणि माणूस थांबला की नुसता रेंगाळला. थांबवणाऱ्या अडचणी आधी. रंग आवडला नाही वगैरे शेवटी, किंवा कधीच नाही. प्रत्येक फेरीत तीन-चारच गोष्टी बदला, नाहीतर पुढच्या वेळी फरक कशानं पडला ते कळत नाही.

कुणी तुम्हाला दहा प्रश्नांची एसयूएस (सिस्टिम युजेबिलिटी स्केल, म्हणजे वापरायला किती सोपं वाटलं ते मोजणारी) प्रश्नावली भरून घ्यायला सांगेल. जॉन ब्रूक यांनी ती १९८६ मध्ये तयार केली, गुण ० ते १०० येतात, पण ते टक्के नव्हेत, आणि ६८ च्या आसपासचा आकडा सरासरी धरतात. पाच माणसांवर त्या आकड्यात फारसा जीव नसतो. वेळ असेल तर भरून घ्या.

पायरी ७ : एका दुकानात सोडा

एकाच दुकानात, एकच महिना. "चूक कळवा" हे बटण द्या, पण कळवलेलं कोण वाचणार आणि पुड्याचा नवा फोटो कोण काढणार, हे मालकांशी आधी ठरवा. कंपन्या घटक बदलतात आणि नंबर मात्र जुनाच राहतो, त्यामुळं प्रत्येक उत्तराखाली "माहिती अमुक महिन्यातली" अशी ओळ हवी.

न सापडलेल्या नंबरांची यादी रोज रात्री बघा. पुढचे पुडे कुठले भरायचे ते तीच सांगते. आमच्या पहिल्या आठवड्याच्या यादीत चाळीसेक नंबर असे होते की पहिले सात आकडे तेच, पुढचे वेगळे, आणि सगळे २ ने सुरू. वाटलं, कुठल्या तरी नव्या कंपनीनं चाळीस प्रकार काढलेत. दुकानात जाऊन बघितलं तर माल एकच, पोहे. अर्धा किलो, पाऊण किलो, सव्वा किलो. काट्याचं मशीन वजनच नंबरात छापत होतं, म्हणून पिशवीगणिक नंबर वेगळा. वरचा २ वाला परिच्छेद मी त्यानंतर शिकलोय.